मालकमपेठेची जमीन

व्याख्यानमालेचा हंगाम आणि महाबळेश्वरचा हंगाम एकाच वेळी येतात. ज्यांना वर जाणे परवडते ते वर जातात. ज्यांना परवडत नाही ते संध्याकाळी सतरंजीवर बसून वक्त्याचे ऐकतात. आम्ही कायमचे या दुसऱ्या वर्गातले, आणि श्रोत्यांपैकीही पुष्कळ जण त्याच वर्गातले असावेत असा आमचा समज आहे. पण अलीकडे एक तिसरा वर्ग निर्माण झाला आहे. हा वर्ग चार दिवस वर राहून येतो आणि घाट उतरताना मनात एक प्रश्न घेऊन उतरतो: "तिथं एखादी लहानशी जागा घेऊन टाकली तर?" या प्रश्नाचे व्यापारी उत्तर देणारे पुष्कळ आहेत, पसरणीच्या घाटाच्या अलीकडे-पलीकडे त्यांच्या पाट्या लागलेल्या दिसतात. आम्हांस त्याचे ऐतिहासिक उत्तर शोधावयाचे आहे. ही डोंगरावरची जमीन मुळात कोणाची, ती कोणी कोणास दिली, कशाच्या बदल्यात दिली, आणि दिली म्हणजे नेमके काय दिले, एवढाच आजचा विषय.

आपल्या पूर्वजांना डोंगराचे वावडे नव्हते. ते दोन कामांसाठी डोंगर चढत. एक किल्ल्यासाठी आणि दुसरे देवासाठी. क्षेत्र महाबळेश्वर हे कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांच्या उगमाचे स्थान. १६६५ च्या जानेवारीत सूर्यग्रहणाच्या पर्वावर शिवाजीमहाराजांनी जिजाबाईंची आणि सोनोपंत डबिरांची सुवर्णतुला येथेच केली. खाली जावळीचे खोरे, समोर प्रतापगड. या टापूतील एकेक वाट मराठ्यांना ठाऊक होती. पण केवळ हवा खाण्यासाठी डोंगरमाथ्यावर घर बांधावे, ही कल्पना त्यांच्या मनात आली नाही. याचे कारण अरसिकपणा नव्हे. याचे कारण पाऊस. वर्षाकाठी दोनशे इंचांच्या वर जेथे पाऊस पडतो, जेथे आषाढ-श्रावणात दिवसचे दिवस शेजारचे घर दिसत नाही, तेथे हौसेने कोण राहील?

तरीही तेथे माणसे राहात होती. नाचणी आणि वरी पिकविणारे कुळवाडी होते, कोळी होते, म्हशी पाळणारे गवळी-धनगर होते, आणि दगडातून लोखंड गाळणारे धावड होते. डोंगरउतारावरची झाडी तोडून, जाळून, त्या राखेत दोन-तीन वर्षे पीक काढावयाचे आणि मग ती जमीन पडीक टाकून पुढच्या उताराकडे वळावयाचे, अशी तेथील शेती. असल्या जमिनीला साऱ्याचा दर होता, वहिवाट होती, भाऊबंदांचे तंटेही होते. फक्त किंमत नव्हती. कारण ती विकत मागणारा कोणी नव्हता. ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण पुढे जे घडले त्याची गुरुकिल्ली तिच्यात आहे.

१८२४ साली साताऱ्यास असलेला लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी हा डोंगर चढून वर आला आणि येथील थंड हवेची बातमी त्याने आपल्या लोकांत पसरविली. इंग्रजी पुस्तकांत त्याने महाबळेश्वरचा 'शोध' लावला असे लिहितात. ज्या ठिकाणी दरसाल यात्रा भरते त्या ठिकाणाचा शोध लागावा, हे एक नवलच. पण इंग्रजांच्या दृष्टीने ते खरे होते. त्यांना जे सापडले ते देवस्थान नव्हते. त्यांना एप्रिल-मे महिन्यांत अंगावर शाल घेता येईल अशी जागा सापडली होती. साताऱ्याचे रेसिडेंट ब्रिग्ज यांनी १८२६ मध्ये वर एक घर बांधले आणि छत्रपती प्रतापसिंहमहाराजांचे मन वळवून साताऱ्याहून रस्ता करविला. हे ब्रिग्ज म्हणजे फेरिश्ताच्या फारसी इतिहासाचे इंग्रजी भाषांतर करणारे विद्वान गृहस्थ. त्यांच्यामागून मुंबईचे गव्हर्नर सर जॉन मालकम आले. तेही इराणच्या इतिहासाचे लेखक. इतिहासकारांनी वसविलेले हे गाव आहे असे म्हटले तरी चालेल, आणि आमच्या धंद्याला ते भूषणावह आहे की नाही हे श्रोत्यांनी ठरवावे.

मालकम १८२८ मध्ये महाबळेश्वरी आले आणि त्यांनी तेथे आजारी गोऱ्या शिपायांसाठी आरोग्यस्थान करावयाचे ठरविले. पण जमीन होती साताऱ्याच्या महाराजांची. मग १८२९ मध्ये करार झाला. महाराजांनी महाबळेश्वरचा हा भाग कंपनीस द्यावा आणि त्याच्या मोबदल्यात कंपनीने वाईजवळचे खंडाळे हे गाव महाराजांस द्यावे, असे ठरले. (हे खंडाळे लोणावळ्याशेजारचे नव्हे, खंबाटकीच्या घाटाखालचे.) नव्या वसाहतीला गव्हर्नरांचे नाव मिळाले आणि बाजाराची 'मालकमपेठ' झाली. मराठी माणसाच्या कानाला या नावात 'मालक' हा शब्द आधी ऐकू येतो, हा भाषेचा विनोद आहे. परंतु तो अगदीच निरर्थक नाही.

या अदलाबदलीकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. कागदावर ती दोन सत्ताधीशांतील बरोबरीची अदलाबदल आहे. गावाला गाव दिले आहे. पण हे दोघे सत्ताधीश बरोबरीचे होते काय? प्रतापसिंहांची गादी १८१९ च्या तहाने कंपनीने बसविलेली. रेसिडेंटाच्या संमतीवाचून बाहेरच्या कोणाशी पत्रव्यवहार करण्याचीही त्यांना मोकळीक नव्हती. अशा राजाजवळ गव्हर्नर एखादी गोष्ट मागतो तेव्हा ती मागणी असते की आज्ञा, हे सांगावयास नको. आणि मोबदला तरी कसा? खंडाळे हे साऱ्याचे गाव; त्याचे उत्पन्न वहीत मांडता येत होते. महाबळेश्वरच्या माथ्याचे उत्पन्न त्या वेळी जवळजवळ काहीच नव्हते. त्या दिवसाच्या हिशेबाने पाहिले तर महाराजांचा फायदाच झाला, असे आम्हांस वाटते. परंतु जमिनीच्या व्यवहारात घेणाऱ्याला उद्याची किंमत दिसत असते आणि देणाऱ्याला आजची. खंडाळ्याचा सारा पुढे कितीसा वाढणार होता? माथ्याची किंमत मात्र कोठच्या कोठे गेली.

महाराजांचे पुढे काय झाले तेही येथेच सांगितले पाहिजे. १८३९ मध्ये कंपनीने त्यांना पदच्युत करून काशीस पाठविले; १८४७ मध्ये ते तेथेच वारले. त्यांची फिर्याद घेऊन रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि चौदा वर्षे तेथे झगडून रिक्त हस्ते परतले. प्रतापसिंहांचे धाकटे बंधू आप्पासाहेब यांनी १८४२ च्या सुमारास नव्या वसाहतीस पाणी मिळावे म्हणून वेण्णा तळे बांधविले; त्यांच्या मृत्यूनंतर, १८४८ मध्ये, खुद्द साताऱ्याचे राज्यच खालसा झाले. म्हणजे वीस वर्षांच्या आत महाबळेश्वर, खंडाळे आणि सातारा ही तिन्ही एकाच मालकाच्या हाती गेली. ज्या वाड्यांवरून आणि शेतांवरून हा करार झाला त्यांतील धनगर-कुळवाड्यांचा त्यात कोठे संबंध आला नाही. पुढे जंगल राखावयाचे म्हणून धावडांच्या भट्ट्या बंद झाल्या. लोखंड गाळण्याला कोळसा लागतो आणि कोळशाला झाडे लागतात. झाडे राखली हे चांगलेच झाले. पण ज्यांनी ती राखली त्यांचे बंगले त्याच झाडीत उभे राहिले.

आता या बंगल्यांतील राहणीकडे वळू. मुंबईचे सरकार थंडीत मुंबईस, पावसाळ्यात पुण्यास आणि एप्रिल-मे महिन्यांत महाबळेश्वरास असे. गव्हर्नर वर गेले की कारभारी, कारकून, पट्टेवाले, दप्तरांच्या पेट्या सारे वर जाई. ज्यांना गव्हर्नरांजवळ काम असे ते संस्थानिक आणि धनिकही वर जात. मग त्यांनाही बंगले लागले. सरकारने जमिनीचे तुकडे पाडून ते भाडेपट्ट्याने दिले. पुष्कळ ठिकाणी खालची जमीन सरकारची आणि वरची इमारत मालकाची, अशी ही व्यवस्था आहे. आज कोणी "महाबळेश्वरला बंगला विकत घेतला" असे म्हणतो तेव्हा त्याने पुष्कळदा पट्ट्याची उरलेली वर्षे आणि नूतनीकरणाची आशा एवढेच विकत घेतलेले असते. आपल्याकडे बायकोचे दागिने मोडून पैसे भरणारा मनुष्य हा पट्टा शेवटच्या पानापर्यंत वाचतोच असे नाही.

आणि घर बांधून झाले म्हणजे संपले असेही नाही. पश्चिमेचा पाऊस भिंतींवर आडवा येतो. म्हणून दरसाल मे महिन्याच्या शेवटी कोळंब गवताच्या ताट्या करून साऱ्या घराला बाहेरून वेढून टाकीत. ऑक्टोबरात त्या काढीत. सामान एका खोलीत रचून ठेवावयाचे, गाद्या-पुस्तके खाली पाठवावयाची, आणि रखवालदाराच्या हाती किल्ल्या देऊन साहेबाने पुण्यास उतरावयाचे. चार महिने त्या बंगल्यात रखवालदार आणि त्याचे कुटुंब एवढेच राहात. वर्षाचा हिशेब केला तर मालकापेक्षा रखवालदाराचाच त्या घरात मुक्काम अधिक. ताट्या विणणारे, लाकूडफाटा वाहणारे, दूध घालणारे हे सारे त्याच वाड्यांतले, जेथे पूर्वी नाचणी पिकत असे. शेतीच्या जोडीला त्यांना रोख पैसा मिळू लागला हे खरे. त्याबद्दल त्यांनी त्या काळी कुरकुर केली असेल असे आम्हांस वाटत नाही.

भाजीपाल्याची कथा याहून चमत्कारिक आहे. १८३४ च्या सुमारास येथे एक तुरुंग बांधला गेला आणि त्यात सिंगापूर-मलाक्याकडून पाठविलेले चिनी आणि मलायी कैदी ठेवले गेले. हे कैदी सुमारे शंभर-सव्वाशे. ते वेताच्या टोपल्या विणीत आणि साहेबांच्या जेवणासाठी बटाटे व विलायती भाज्या लावीत. १८६४ मध्ये हा तुरुंग बंद झाला. महाबळेश्वरच्या बटाट्याला आणि बागाइतीला जो लौकिक मिळाला त्यात या परदेशी बंदिवानांचे हात आहेत, हे स्ट्रॉबेरीच्या पेट्या घेऊन उतरणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते?

पाचगणीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. महाबळेश्वरी बारमाही राहता येत नाही, म्हणून पूर्वेस काही कोसांवर, जेथे पाऊस बराच उतरलेला असतो, तेथे जागा पाहण्यात आली. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधले हे पठार. जॉन चेसन नावाच्या इंग्रजाने १८६० च्या सुमारास ते वसविले, दूरदूरची झाडे आणून लावली, आणि शिंपी, धोबी, खाटीक, गवंडी यांना बोलावून बाजाराखाली त्यांना राहावयास जागा दिली. चेसनची कबर पाचगणीसच आहे. या मनुष्याला एक गोष्ट बरोबर कळली होती की बंगलेवाल्यांचे गाव चालवावयाचे तर कामकऱ्यांना घराची जागा आधी दिली पाहिजे. ही अक्कल पुढच्या काळात फारशी कोणी दाखविल्याचे दिसत नाही.

माथेरानचा उल्लेख केल्याशिवाय मात्र पुढे जाता येत नाही. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट हे १८५० मध्ये चौकच्या बाजूने तो डोंगर चढले. पुढे गव्हर्नर एलफिन्स्टन तेथे येऊ लागले आणि मुंबईकरांची रीघ लागली. सर आदमजी पीरभाई यांच्या पैशाने १९०७ मध्ये नेरळहून दोन फुटी रुळांची गाडी वर पोचली. या गावात मोटारींना बंदी आहे, त्यामुळे धूळ आणि धूर नाही म्हणून पाहुणे खूष असतात. पण मोटार नाही म्हणजे ओझे कोणीतरी वाहिलेच पाहिजे. कातकरी आणि ठाकूर बायकांनी ते डोक्यावरून वाहिले आणि पुरुषांनी पाहुणे हातरिक्षांतून ओढले. ही माणसाने माणसाला ओढण्याची रीत थांबवावी असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०२५ च्या ऑगस्टमध्ये.

याच माथेरानात १ डिसेंबर १९१२ रोजी एका गरीब न्हाव्याच्या घरी विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. भाई कोतवाल म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. बंगल्यांच्या गावातला हा मुलगा वकील झाला, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला, आणि त्याची दृष्टी गेली ती डोंगराच्या पायथ्याशी. कर्जतकडचा शेतकरी पावसाळ्यात सावकाराकडून भात उसने आणी आणि सुगीत ते व्याजासह फेडता फेडता जमीन गमावून बसे. कोतवालांनी धान्यकोठ्या उघडल्या, शाळा काढल्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील गोळीस बळी पडले. गिरिस्थानांच्या इतिहासात गव्हर्नरांची नावे टोकाटोकांवर कोरलेली आहेत. आमच्या मते माथेरानने महाराष्ट्राला दिलेला सर्वांत मोठा मनुष्य हा होय, आणि त्याचे सारे काम जमिनीसाठी होते.

स्वातंत्र्य आल्यावर सरकारचा उन्हाळी दरबार संपला, संस्थानिक गेले, काही बंगल्यांची हॉटेले झाली. १९४५ च्या उन्हाळ्यात गांधीजी महाबळेश्वरच्या ज्या मोरारजी कॅसलमध्ये राहिले ते एका धनिकाचेच घर होते. सामान्य मध्यमवर्गीयाला त्या वेळी वर घर असण्याचा प्रश्नच नव्हता. तो प्रश्न पुढे, पगार वाढले आणि मोटारी आल्या तेव्हा निर्माण झाला. बंगल्यांच्या जागा भरलेल्या, म्हणून दृष्टी गेली सभोवारच्या शेतांकडे. तेथे आडवा आला १९४८ चा कुळकायदा. त्याच्या ६३ व्या कलमान्वये जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. हा कायदा झाला तो कसणाऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून. पण मराठी मनुष्य कायद्यापुढे हात टेकणारा नव्हे. ज्यांनी जन्मात नांगराला हात लावला नाही अशा शहरवासीयांना आजोळच्या सामाइक सातबाऱ्यावरील आपल्या नावाची अकस्मात आठवण झाली आणि ते पिढीजात शेतकरी ठरले. आम्ही कोणास हसत नाही; आमच्याही घरात हा कागद शोधून झाला आहे.

त्या शोधाच्या नादातच आम्ही दोन वर्षांपूर्वी पाचगणीच्या अलीकडे एक जागा पाहावयास गेलो होतो. दलाल पुढे चालत होता, समोर धोम धरणाचे पाणी चमकत होते. उतारावर नव्याने घातलेली काही घरे होती आणि एका घराच्या फाटकाशी एक म्हातारा राखणदार बसला होता. दलाल फोनवर बोलत बाजूला गेला तेव्हा आम्ही त्याच्याजवळ टेकलो आणि पाणी कसे काय आहे म्हणून विचारले.

"पाणी टँकरचं, दादा. मार्चपास्नं," तो म्हणाला. मग हाताने खालचा दगडी बांध दाखवून त्याने सांगितले, "ती ताल माझ्या आज्यानं घातलीया."

"मग विकलंत का, बाबा?" आम्ही विचारले.

"चार भाव. पोरीचं लगीन. आन् नाचणीला काय भाव हाय, सांगा तुमीच." थोडे थांबून तो म्हणाला, "मालक चांगला हाय. दिवाळीला येतो. बाकी हाय मीच हितं."

बांध मात्र भक्कम होता. आज्याच्या हातचे काम तीन पिढ्या टिकले होते आणि त्याच्या वर, नव्या घराच्या जोत्यासाठी कापलेली माती मोकळी पडलेली होती. आम्ही जागा घेतली नाही. शहाणपणाने नव्हे, ऐपत नव्हती.

सरकारने १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणीचा प्रदेश आणि २००३ मध्ये माथेरानचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. वृक्षतोड, डोंगरउतारावरचे बांधकाम, जमिनीचा वापर बदलणे यांवर निर्बंध आले. ते पाळले किती गेले हा निराळा विषय. पण या निर्बंधांचा एक परिणाम ठळक आहे. उपलब्ध जागा कमी झाली आणि भाव वाढले. ज्याच्याजवळ आधीपासून बंगला होता त्याची मालमत्ता बसल्या जागी फुगली. गावातल्या तरुणाला लग्नानंतर स्वतंत्र खोली बांधणे अवघड झाले. मग २०१९ मध्ये 'नवीन महाबळेश्वर' नावाच्या गिरिस्थानाची योजना पुढे आली आणि सातारा जिल्ह्यातील २३५ गावे त्यासाठी नेमण्यात आली. यांतील काही गावे कोयना धरणाच्या पाण्याने एकदा विस्कटलेली आहेत. त्यांच्या सातबाऱ्यांवर आता पुन्हा कोणाची नावे चढतात, हे पुढच्या पिढीच्या इतिहासकाराने पाहावयाचे.

आणि पाऊस अजून आहे तेथेच आहे. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरी एका दिवसात ५९४ मिलिमीटर, म्हणजे तेवीस इंचांहून अधिक, पाऊस पडला. रस्ते खचले, दरडी कोसळल्या. ताट्या बांधण्याची रीत आता मागे पडली आहे, काँक्रीटला त्यांची गरज नाही असे समजतात. पण मातीला कोणी काँक्रीट केलेले नाही.

पुण्याहून महाबळेश्वरास जाणारी एस.टी. शिरवळ सोडून पुढे आली की घाटाच्या तोंडाशी खंडाळे लागते. हल्ली त्याला खंडाळा म्हणतात. तालुक्याचे गाव आहे. तेथे उतरणारे उतरतात. कचेरीचे काम असलेले, बाजाराला निघालेले. वर जाणारे बहुधा त्या वेळी झोपलेले असतात किंवा घाट लागणार म्हणून मुलांना आवळासुपारी देत असतात. एकदा आम्ही शेजारच्या गृहस्थांना सांगितले की, "तुम्ही जेथे निघाला आहात त्याची किंमत म्हणून हे गाव दिले होते." त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिले, पाण्याची बाटली विकणाऱ्या पोराला हाक मारली आणि विचारले, "किती एकरांना?"